मशीन बिघडलेलं नव्हतं

मी कानाचं मशीन बोलतोय. शेंगदाण्याएवढा माझा जीव. कानामागं बसतो आणि एक बारीक नळी कानात सोडतो. बहुतेक लोक आम्हाला केसांखाली लपवतात. माझे मालक मडिवाळप्पा मला लपवत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यावर केसच उरलेले नाहीत.

मडिवाळप्पा लातूरच्या एका डाळमिलमध्ये एकतीस वर्षं फिटर होते. तिथल्या चाळण्यांनी, पट्ट्यांनी आणि मोटारींनी त्यांचे कान हळूहळू खाल्ले. मोटारीवर नुसता तळहात ठेवून ते सांगायचे, "बेअरिंग खराब व्हायला लागलंय." पण शेजारी उभा राहून कुणी हाक मारली, तर कळायचं नाही.

त्यांची मुलगी रुद्राणी नांदेडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिनंच त्यांना तिथल्या दवाखान्यात नेलं. कान तपासणाऱ्या शिल्पा मॅडमनी मला डबीतून काढलं, मडिवाळप्पांच्या कानावर चढवलं आणि चालू केलं.

मडिवाळप्पा वर बघायला लागले. "हे काय वाजून राहिलंय?"

"पंखा आहे काका."

"पंखा वाजतो?" असं म्हणून ते हसले. हसल्याचा आवाज ऐकून दचकले आणि पुन्हा हसले. मला त्याच क्षणी ते आवडून गेले.

पण मॅडम म्हणाल्या, "महिनाभर वापरून बघा. नाही जमलं तर परत घेऊन या." परत! म्हणजे पुन्हा त्या अंधाऱ्या डबीत. मी मनाशी ठरवलं, या माणसाला तक्रारीला जागाच द्यायची नाही.

लातूरच्या घरात मी जीव तोडून काम केलं. चपलेची फटफट, पालीची चुकचुक, शेजारच्या लेकराचं बोबडं बोलणं, सगळं नेऊन पोचवलं. त्यांच्या पत्नी पार्वतम्मा सवयीनं ओरडून बोलायच्या. तिसऱ्या दिवशी मडिवाळप्पा म्हणाले, "अगं हळू बोल की. ऐकू येऊन राहिलंय मला."

पार्वतम्मांचा चेहरा पडला. "म्हंजे मी पुटपुटते ते बी ऐकू येतंय का?"

"समदं."

त्या दिवशी दुपारपर्यंत घरात भारी शांतता होती.

आता करडईचं सांगतो. करडई हे पिकाचं नाव, पण मी म्हणतोय तो नांदेडच्या चार तरुणांचा बँड. ते ब्लूज-रॉक, म्हणजे गिटार-ढोलावरचं विलायती धाटणीचं संगीत वाजवायचे. पोरंपोरी करडईचं पिवळं फूल छापलेले टी-शर्ट घालून फिरायची. पेपरात अर्धं पान फोटो आला होता. प्रत्येक फोनमध्ये त्यांची गाणी. जो तो म्हणायचा, "ऐकलं का? अंगावर काटा येतो."

त्यांचा गिटारवाला महांतेश मूळचा नायगावचा. रुद्राणीचं त्याच्याशी जमलं होतं. तो घरी येऊन गेला होता, पार्वतम्मांच्या हातचे धपाटे खाऊन गेला होता. माणूस सगळ्यांना पसंत होता. फक्त रुद्राणीचा एक हट्ट होता.

"अप्पा, तुम्ही एकदा करडई ऐका. मग साखरपुड्याची तारीख काढू."

"अगं पोरगा चांगला हाय. गाण्याचं काय त्यात?"

"न्हाई. तुम्ही ऐकायचंच."

रविवारी संध्याकाळी नांदेडच्या एका मैदानावर कार्यक्रम होता. माझा महिना संपायला चार दिवस राहिले होते. मडिवाळप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, माझी बॅटरी नवी घातली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

ढोल कडाडला, गिटार रडायला लागली. शेजारची एक कॉलेजातली मुलगी डोळे पुसत होती. मागं पोरं नाचत होती. पॅन्ट-शर्टातले एक साहेबसुद्धा डोळे मिटून मान हलवत होते. महांतेश गुडघ्यावर बसून गिटार वाजवत होता आणि सगळं मैदान त्याचं नाव घेत होतं.

मडिवाळप्पा वाट बघत होते. काटा आता येईल, पुढच्या गाण्याला येईल. त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं. हातावर काही नव्हतं. त्यांनी मला काढलं, बोटानं टकटक केलं, पुन्हा घातलं. बॅटरी बदलली. मी तर सगळं पोचवत होतो हो! ढोल, गिटार, शब्द, अगदी स्टेजच्या खालून येणारी एक बारीक घुंघुंसुद्धा. पण मडिवाळप्पांच्या छातीत काही हललं नाही. पाच गाणी झाली, सात झाली. ते मान हलवायला लागले, पण ती शेजारच्या साहेबांकडं बघून.

कार्यक्रम संपला. घामानं भिजलेला महांतेश पाया पडायला आला. रुद्राणी जवळ उभी होती. "अप्पा, कसं वाटलं?"

मडिवाळप्पांनी दोघांकडं बघितलं. मग कानाला हात लावून म्हणाले, "मशीनमध्ये कायतरी बिघाड हाय."

मला काय वाटलं असेल, विचार करा. त्या माणसासाठी मी पालीची चुकचुक शोधून आणली होती!

महांतेश बिचारा भला. "फिकर करू नका मामा. दवाखान्यात दाखवू. पुढच्या वेळेस ऐका."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्पा मॅडमनी मला एका यंत्राला जोडलं. बारीक आवाज, मोठे आवाज, शिट्ट्या, सगळ्यांतून मी पार झालो. मग त्यांनी मडिवाळप्पांची परीक्षा घेतली.

"काका, मशीन ठणठणीत आहे. तुम्हाला काल कोणता आवाज आला नाही?"

"समदे आले."

"मग तक्रार काय आहे?"

मडिवाळप्पा खाली बघत म्हणाले, "कायबी वाटलं न्हाई."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "ते माझ्या खात्यात येत नाही काका."

स्कूटीवर बापलेक निघाले. मडिवाळप्पा मागून म्हणाले, "बाई, मला आवडायला पाहिजे होतं. तुझ्यासाठी लई प्रयत्न केला मी. पण न्हाई झालं."

रुद्राणीनं स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. पण मला आवाज आला तो हसण्याचा.

"अप्पा, मलाबी कायच होत न्हाई."

"काय?"

"तीन वर्षं झाली. समदे रडतात, मी गप उभी राहते. मला वाटायचं, माझ्याच कानात कायतरी कमी हाय. म्हणून तर तुम्हाला आणलं. म्हटलं, अप्पाला आवडलं तर समजायचं, खोट माझ्यात हाय."

मडिवाळप्पा स्कूटीवरून उतरले. "अन् त्याला सांगितलं न्हाईस?"

"भ्या वाटतं की. त्याचा जीव हाय त्यात."

"लग्नाआधी सांगितलेलं बरं," मडिवाळप्पा म्हणाले. "चल."

महांतेशच्या काकाच्या खताच्या दुकानावर एक खोली होती. तिथं करडईचा सराव चालायचा. महांतेश एकटाच तारा पुसत बसला होता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मडिवाळप्पांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"बाबा, मशीन चांगलं हाय. तुझं गाणं मला भिडलं न्हाई. तू मेहनती हाईस, वाजवतोस बी सफाईनं. पण मला कायच झालं न्हाई."

महांतेशचे कान लाल झाले. "कायच न्हाई ऐकू आलं?"

"ऐकू आलं की. खालून एक घुंघुं बी आली. ती आत्ताबी येऊन राहिली."

मडिवाळप्पा उठले, मैदानावर होता त्याच स्पीकरच्या मागं गेले आणि त्याचा प्लग काढून उघडला. खिशात पेन असावा तसा त्यांच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर असतोच. अर्थिंगची वायर सैल झाली होती. त्यांनी ती आवळून प्लग परत लावला. घुंघुं गेली. एवढं स्वच्छ मी आजवर काही ऐकलं नव्हतं.

महांतेशनं एक अख्खं गाणं वाजवलं. शेवटचा सूर संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"आता मामा?"

मडिवाळप्पांनी थोडा विचार केला. "घुंघुं गेली. गाणं तसंच हाय."

महांतेशनं गिटार खाली ठेवली आणि रुद्राणीकडं वळला. "अन् तुला?"

रुद्राणीनं नाही म्हणून मान हलवली.

"तू तर एक बी कार्यक्रम सोडला न्हाईस. उमरीला पावसात चार तास उभी होतीस. कशाला येत होतीस मग?"

"तुला बघायला. अजून कशाला?"

महांतेश तिच्याकडं बघत राहिला. हजारो लोक त्याला गाण्यासाठी बघायला येत होते. गाण्याशिवाय बघायला येणारी ही एकटीच होती. हे त्याला हळूहळू उमगत गेलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की मडिवाळप्पांनी लाजून खिडकीबाहेर बघितलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिल्पा मॅडमचा फोन आला. मशीन ठेवायचं की परत करायचं? मडिवाळप्पा म्हणाले, "ठेवतो. लई इमानी हाय." मी किती फुगलो, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

त्याच वर्षी लग्न झालं. करडई अजून गाजतेय, पुण्यापर्यंत जाऊन आली. आता माझी नळी पिवळी पडलीय, पाठीवर ओरखडे आलेत, पण काम चोख आहे. तुमच्या घरात कुणाच्या कानामागं माझा एखादा भाऊबंद बसला असेल, तर एवढंच करा: ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला. बाकीचं आम्ही बघून घेतो.

गेल्या महिन्यात करडईचा कार्यक्रम लातूरला झाला. मडिवाळप्पा आणि रुद्राणी सगळ्यात शेवटच्या रांगेत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. हे त्यांचं नेहमीचं. ढोल कडाडतात, आणि बापलेकीच्या गप्पा चालतात. गिटार ऐन भरात आली असताना रुद्राणी माझ्याजवळ वाकली.

"अप्पा, उद्या घरी येऊन आम्ही दोघं मिळून सांगणार होतो. मला राहवेना. तुम्ही आज्जा होणार."

एवढ्या गोंगाटातून ते शेवटचे तीन शब्द मी सुखरूप नेले. मडिवाळप्पा उठून उभे राहिले. शेंगा मांडीवरून सांडल्या. ते टाळ्या वाजवायला लागले, नाचायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुढचे लोक वळून बघायला लागले.

महांतेशनं ते स्टेजवरून बघितलं. गाणं संपताच तो धावत आला. "मामा! आज भिडलं ना?"

रुद्राणीनं बापाकडं बघितलं. मडिवाळप्पांनी जावयाला घट्ट मिठी मारली. त्याच्या छातीची धडधड मला इकडं ऐकू येत होती.

"हाव," ते म्हणाले. "आज लई भिडलं."