विष्णुपुरीच्या पाण्यात पडलेला कॅमेरा

मित्रांनो, मला दुकानाच्या काचेत पाहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, काय देखणा कॅमेरा आहे. अंगावर ओरखडा नाही, गळ्यातला पट्टाही नवा. पण मी जुना आहे आणि आतून गंजलेला आहे. हे माझ्या अंगावर कुठेच लिहिलेलं नाही, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी महागड्या कॅमेऱ्यांत मोडत होतो. नांदेडच्या शिवशंकरने मला घेतलं. लग्नाआधी फोटो काढून घ्यायची टूम तेव्हा निघाली होती. नवरा-नवरीला तो विष्णुपुरीच्या धरणाकाठी उभं करायचा आणि फोटो पाहून पाहुणेमंडळी माझं कौतुक करायची. एकदा चांगला कोन मिळावा म्हणून तो ओल्या खडकावर चढला. पाय घसरला आणि मी त्याच्या हातातून सुटून पाण्यात गेलो. त्याने मला बाहेर काढलं, तांदळाच्या डब्यात ठेवलं. मी परत सुरूही झालो. पण आत शिरलेली ओल गेली नाही. थोडे फोटो झाले की माझा आतला पडदा, म्हणजे शटर, अडकू लागला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले, तेव्हा शिवशंकरने मला लख्ख पुसलं आणि इंटरनेटवरच्या लिलावात मांडलं. फोटो टाकले ते मी कोरा असतानाचे. खाली लिहिलं, ‘घरगुती वापर. एकदम ठणठणीत.’

लातूरला मुज्तबा नावाचा एक फोटोग्राफर होता. शिकवणी वर्गांच्या गल्लीत त्याचं चिमुकलं दुकान. गावोगावहून आलेल्या मुलांचे ओळखपत्राचे फोटो काढून त्याचं घर चालायचं. निकाल लागला की पहिल्या आलेल्या मुलांचे मोठाले बॅनर चौकाचौकात लागायचे, पण ते काम त्याच्या साध्या कॅमेऱ्याला झेपत नसे.

त्याच्या मनात आणखी एक गोष्ट होती. तो मूळचा किल्लारीकडचा. भूकंपात आई गेली तेव्हा तो लहान होता. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहराच त्याला आठवत नसे. चांगला कॅमेरा आला की गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढून फुकट वाटायचे, असं त्याने ठरवलं होतं.

लिलावात मला पाहून त्याने शिवशंकरला फोन लावला.

“पाण्याबिण्यात पडला न्हाई ना?”

“न्हाई हो साहेब. लेकरासारखा सांभाळलाय. एक माणूस मागं लागलाय लई, पण तुम्ही गरजू दिसता.”

मुज्तबाची बायको मुबश्शिरा म्हणाली, “नांदेड काय लांब हाय का? जाऊन हातात घेऊन बघा की.”

“बोली आज संपून राहिली. उद्या गेलो तर दुसराच घेऊन जाईल,” तो म्हणाला.

जुना कॅमेरा आणि स्कूटर विकून त्याने मला घेतलं. कुरियरने खोकं आलं तसं त्याने मला बाहेर काढलं. त्याने दोन-चार फोटो काढले आणि ते सुरेख आले. तेवढ्यात शिवशंकरचा फोन आला.

“साहेब, माल पसंत हाय म्हणून तेवढं दाबून टाका. त्याच्याबिगर वेबसाइट माझे पैसे सोडत न्हाई. आईला दवाखान्यात न्यायचंय.”

आईचं नाव ऐकलं आणि मुज्तबा विरघळला. त्याने लगेच बटण दाबलं. वर पाच तारे दिले आणि लिहिलं, ‘माणूस एकदम इमानदार.’

त्याच आठवड्यात तो मला घेऊन गावी गेला. पुनर्वसनाच्या वस्तीत म्हातारी माणसं ठेवणीतले कपडे घालून बसली होती. दोन-तीन जणांचे फोटो झाले आणि पंचफुलाबाई पुढे आल्या, सगळ्यांत थकलेल्या. भूकंपात मुज्तबाला ढिगाऱ्यातून ओढून काढलं होतं ते त्यांनीच.

“नीट काढ रे बाबा,” त्या म्हणाल्या. “तुझ्या मायसारखं नको व्हायला माझं.”

त्याने त्यांचा चेहरा माझ्यात धरला, बटण दाबलं आणि माझा पडदा अडकला. मी फक्त काळोख टिपला. त्याने बॅटरी काढली, घातली, परत दाबलं. पुन्हा काळोख.

“दुरुस्त करून येतो, मावशी.”

“ये. मी कुठं चालले?”

लातूरच्या दुरुस्तीवाल्याने मला उघडलं आणि आतला गंज दाखवला. मुज्तबाने वेबसाइटकडे तक्रार केली. उत्तर आलं की माल पसंत असल्याचं तुम्हीच कळवलं आहे. शिवशंकरचा फोन बंद. मुज्तबा उसन्या कॅमेऱ्यासाठी वणवण फिरत राहिला, पण लग्नसराईत कोण देणार? तेवढ्यात गावाहून निरोप आला, पंचफुलाबाई गेल्या. त्यांच्या लेकीने विचारलं, “त्या दिवशीचा एखादा तरी आला असंल ना?” मुज्तबाने तिला ते दोन काळे फोटो दाखवले.

पुढे धर्माबादहून रत्नम्मा नावाच्या बाईंचा फोन आला. शिवशंकरकडून त्यांनी लेकीसाठी कॅमेरा घेतला होता. तो सुरूच होत नव्हता. शेऱ्याखालचं नाव-गाव पाहून त्यांनी मुज्तबाचं दुकान शोधून काढलं होतं. “तुम्ही इमानदार लिहिलंत म्हणून घेतला मी,” एवढंच त्या म्हणाल्या. मुज्तबाने आपला शेरा बदलून पाहिला. मुदत संपली होती.

शेजारचा केरबा म्हणाला, “तू पण लिलावात टाक की. त्यानं टाकलेले याचे फोटो भारी हायेत, तेच लाव.” मुज्तबाने लिहायला घेतलं, ‘एकदम ठणठणीत.’ रत्नम्मांचा फोन आठवला. मग पुसून लिहिलं, ‘पाण्यात पडलेला. चालत नाही.’ माझ्यावर कुणीही बोली लावली नाही.

दुकान बंद झालं. आता तो दुसऱ्याच्या स्टुडिओत पगारावर राबतो आणि मी त्याच्या कपाटात पडून आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी महाग वस्तू जुनी घ्यायची असेल तर आधी हातात घ्या. पोटभर फोटो काढून बघा. लांबून घेत असाल तर आजची तारीख शेजारी ठेवून काढलेला फोटो मागा, घाई करणाऱ्याला दुरूनच नमस्कार करा आणि पुरती खात्री होईपर्यंत पैसे मोकळे करू नका. इतरांच्या ताऱ्यांवर जाऊ नका. ते देणारा माणूस खरा असतो, पण त्याला अजून काही कळलेलं नसतं.

काल मुज्तबाने मोबाइलवरून मुबश्शिराला वाचून दाखवलं. शिवशंकरने आणखी एक कॅमेरा मांडला आहे, नवा कोरा दिसतो. बोली जोरात चालू आहे.