खैरगडावरची विहीर

रविवारी खैरगडाच्या पायथ्याशी उभं राहायला जागा नव्हती. अकोटहून एसट्या भरभरून येत होत्या, अमरावतीच्या गाड्या थेट कपाशीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लागल्या होत्या आणि गड उतरलेला प्रत्येक जण मांडवातल्या घोंगडीबाबाकडे धावत होता. माणूस समोर बसला की बाबा डोक्यावरून घोंगडी ओढून घ्यायचा, आत बराच वेळ पुटपुटायचा आणि तोंड बाहेर काढून सांगायचा, की बेटा, वरच्या तळ्यापाशी तुझी छाती धडधडली. माणूस गार! खरंच धडधडली होती. मग बाबा गडावरच्या अतृप्त मंडळींची ओळख करून द्यायचा आणि मनगटात काळा दोरा बांधायचा. दोरा असला की केसालाही धक्का नाही म्हणे.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता तो वेगळ्याच कारणाने. गडाच्या मोठ्या दरवाजाच्या कमानीला तडा गेला आहे, दगड सुटून पडतात. गावकऱ्यांनी तिथे बांबू आडवे बांधले होते. दोरेवाल्या भक्तांनी ते काढून फेकले. आणि पुढच्या रविवारी आमच्या शाळेची सहल त्याच कमानीखालून जाणार होती, कारण सगळ्या मुलांना दोरे बांधायचं आमच्या मुख्याध्यापकांनी, रामराव सरांनी ठरवलं होतं. मी शाळेतली एक साधी शिक्षिका. विरोध केला तर म्हणाले, "मॅडम, गडावर माहे गुडघे थरथरले, हे त्यानं मले न इचारता सांगतलं. तुमी कावून एवढ्या अडून राहिल्या?"

मी चिडून ज्योत्स्नाला फोन लावला. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता अमरावतीच्या विद्यापीठात संशोधन करते. किल्ले, लेणी पाहायला येणारे लोक समाजमाध्यमांवर काय लिहितात ते वाचून त्यांना कुठल्या धोक्याची किती भीती वाटते, हे ती शोधते. मला हे रिकामपणाचे उद्योग वाटायचे. पण तीच माझ्याहून अस्वस्थ निघाली. पूर्वी लोक खैरगडाबद्दल लिहायचे, कमानीखाली जपून जा, दगड हलतात. बाबा बसल्यापासून कमानीचं नावच नाही. नुसती भुतं, आणि दोरा बांधला की तीही गायब, 'आता बिनधास्त!'

"मॅडम, धोका होता तिथंच आहे," ती म्हणाली, "भीती तेवढी उठून दुसरीकडे जाऊन बसली."

मग तिने मला विचारलं, की गडावर मोबाईलला रेंज कुठे येते. मी सांगितलं, टेहळणी बुरुजावर. उतरण्याआधी सगळे तिथेच थांबतात, फोटो टाकतात, गडाचं नाव जोडतात आणि मनात आलं ते लिहून मोकळे होतात. ज्योत्स्ना हसली. "मी वाचते ते कुणालाही वाचता येतं," म्हणाली.

शनिवारी ती आली. गडावर चढलीच नाही. पायथ्याशी चहा विकणाऱ्या लीलाबाईंच्या टपरीवर बसून तिने आपला जुना गडावरचा फोटो गडाचं नाव जोडून टाकला. फोटोत होती तीच केशरी ओढणी आजही अंगावर होती. खाली लिहिलं, 'विहिरीपाशी कुणीतरी ओढणी खेचली, अजून थरथरतेय.' मग ती मांडवात जाऊन बसली. मी रामराव सरांना जवळजवळ ओढतच नेलं. मागोमाग लीलाबाईही हात पुसत आल्या.

बाबा घोंगडीत गेला, पुटपुटला, बाहेर आला.

"पोरी, तू विहिरीवर गेली होतीस. तिच्यातल्या बाईनं तुझी ओढणी धरली."

बाहेरगावच्या मंडळींनी हात जोडले. गावची माणसं मात्र एकमेकांकडे पाहू लागली.

"म्हाराज," लीलाबाई म्हणाल्या, "गडावर इहीर कुठी हाय? अन् हे पोरगी तं सकायपासून माह्या टपरीवर बसून हाय."

ती विहीर सर्वांना दिसत नाही, पुण्यवंतालाच दिसते, असं बाबाने सुरू केलं. तेवढ्यात ज्योत्स्नाने उठून आपण लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. रामराव सर पुढे झाले आणि त्यांनी घोंगडी उचलली. आत मोबाईल होता आणि त्यावर ज्योत्स्नाचा केशरी ओढणीतला फोटो होता. सरांच्या थरथरत्या गुडघ्यांची हकीकतही त्यांनी स्वतःच बुरुजावरून टाकलेली होती.

लोक अजून मला विचारतात, त्या गरीब बाबाने कुणाचं काय वाईट केलं? मला संताप येतो. आपणच जगजाहीर केलेली गोष्ट दुसऱ्याने आपल्याला सांगितली तर तो चमत्कार कसा? भीती वाटणं मुळीच वाईट नाही. ती माणसाला सुटलेल्या दगडाखालून बाजूला काढते. म्हणून कुणी म्हणालं, मी तुझी भीती घालवतो, तर आधी विचारा, धोकाही घालवतोस का?

रविवारी बांबू पुन्हा बांधलेले होते. मुलं लांब उभी राहून तडा बघत होती. सातवीतल्या पायलने विचारलं, दोरा असता तर दगड थांबला असता का?

"नसता थांबला," रामराव सर म्हणाले. "अन् मी तुमाले त्याच्याखालून नेणार होतो."