दगडावरचा दुसरा पाच

देझो मास्तरांच्या थडग्यावर पाचाचा आकडा दोनदा कोरला होता. एतेल्काबाईंना ते दफनभूमीच्या फाटकातूनच दिसलं.

दगड जोडथडग्याचा होता. डावी फरशी मास्तरांची, उजवी बाईंची. बाईंचं नाव आणि जन्मसाल आधीच कोरलेलं, शेवटचं साल तेवढं बाकी. खाली दोन्ही फरश्यांवरून जाणारी मास्तरांची लाडकी संख्या हवी होती: १०००००००५०००००००१. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. आणि एक नि ती स्वतः सोडली तर कशानेही भाग न जाणारी. मास्तरांनी ती चाळीस वर्षं स्वयंपाकघरात टांगून ठेवली होती.

"मधला पाच नेमका सांध्यावर येत होता, मास्तरीणबाई," गाश्पार पाथरवट म्हणाला. "तिथे छिन्नी मारली की कडा उडते. म्हणून एक त्यांच्याकडे घेतला, एक तुमच्याकडे. अजूनही उलटसुलट सारखीच आहे की!"

"सारखी आहे रे बाबा, पण अंक सतराचे अठरा झाले. उलटसुलट सारखी आणि अंकांची संख्या सम, म्हणजे अकराने भाग जातोच. अंकांची बेरीज बारा, म्हणजे तीननेही जातो. वाट लावलीस तिची!"

"एवढं कोण मोजत बसतंय?"

"त्यांचे विद्यार्थी. रविवारी येतील."

रविवारी मृतांचा दिवस, थडग्यांवर मेणबत्त्या लावायचा. नवा दगड नाताळाआधी मिळणार नव्हता. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याच्याच उशाशी ही चूक. बाईंना रडूच कोसळलं.

रविवारी त्या मास्तरांचा जुना कोट घालून आल्या. शेवंतीची फुलं मुद्दाम त्या दोन पाचांवर रचली. पण विद्यार्थी आले, मेणबत्त्यांना जागा करायला कोणीतरी फुलं सरकवली आणि सगळे दगडावर वाकले. टक्कल पडलेला झोंबोर ओठ हलवत एकाआड एक अंक मिळवू आणि वजा करू लागला. बाईंनी मान खाली घातली.

"अकरा!" तो ओरडला.

"तीनसुद्धा!" मागून बोरोका म्हणाली. "मी आधी पाहिलं होतं, हा नेहमी असाच मध्ये घुसतो!"

दोघांनी बाईंपुढे हात पसरले आणि सगळे हसत सुटले. वर्षाच्या पहिल्या तासाला मास्तर फळ्यावर मुद्दाम एक चूक लिहायचे. ती सापडेल त्याला खिशातला अक्रोड मिळायचा.

बाईंचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. अक्रोडांनी फाटलेलं अस्तर त्यांनीच कितीदा शिवलं होतं. आत फक्त स्वतःचेच टाके हाताला लागले.

"सरांनी मुद्दामच कोरायला सांगितलं ना?" झोंबोरने विचारलं.

"दुसरं कोण सांगणार?" बाई म्हणाल्या. "अक्रोड पुढच्या वर्षी."

सोमवारी त्या गाश्पारकडे गेल्या. "तो दगड राहू दे. फक्त माझं शेवटचं साल कोरशील तेव्हा भानावर राहा. तिथे मला चूक नकोय."