ताणावरचे डाळिंब

जानेवारी २००४. दुपारचे बारा. सयाजीने मोटर सुरू केली. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाण्याची एक गुळणी, आणि मग काहीच नाही.

मित्रांनो, मी आणे पठारावरचे एक जुने डाळिंबाचे झाड आहे. १९९२ साली सयाजी आणि त्याची बायको अंजना यांनी मला लावले. दरवर्षी ते काही दिवस माझे पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. मी पाने गाळते, मग पाणी मिळते आणि अंगभर लाल फुले येतात. लोक फुलांचे कौतुक करतात. ताणाचे कोणी करत नाही.

मुळांना कोरड पडली की माझ्या पानांच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडे असतात. या वायूचा निरोप पोचला की ती मिटतात आणि आतले पाणी आत राहते. हा वायू प्रथिनांना चिकटतो, आणि चिकटला की प्रथिनाचे काम बदलते. वायू फारच वाढला, तर तोंडे मिटवणाऱ्या प्रथिनालाच चिकटून तो त्याला आवरतो. हे मिटणे आणि आवरणे मी वर्षानुवर्षे केले. आता थकले आहे.

गेल्या पावसाळ्यात पाऊसच नव्हता. सयाजीला वाटले, यंदा ताण आयता बसला. विहिरीत न डोकावता त्याने पानगळीचे औषध फवारले. पाने गेली, त्यांच्याबरोबर तोंडेही गेली. मग पाइपातून हवा आली.

शेजारचा गेणभाऊ बांधावरून म्हणाला, "सयाजीराव, ताण दिला का फाशी दिली?"

"खालच्या डिंभ्याच्या धरणाचं पाणी पठारावर चढवा, मग हसा!" सयाजी म्हणाला आणि कुऱ्हाड घेऊन आला. "जळण तरी व्हईल."

अंजनाने नखाने माझी साल खरवडली. "आवो, हिरवं हाय अजून. भांडी धुतलेलं पाणी घालते मी."

"प्यायला न्हाई आपल्याला, अन् हिला झाडाची पडलीय."

"शिमग्यापतूर थांबा. कोंब आला न्हाई, तर खुशाल व्हळीत घाला."

मित्रांनो, ताण मी सोसते. पण तो देण्याआधी परतीचे पाणी हाताशी आहे का, एवढे बघा. पाणी येणार असेल, तरच त्या सोसण्याला अर्थ आहे.

आज शिमगा. पहाटे बुंध्याशी, मातीला लागून, एक तांबूस कोंब फुटला आहे. अंजनाने तो पाहिलेला नाही. ती टँकरच्या रांगेत आहे. सयाजी कुऱ्हाड घेऊन वावरात आला आहे.