धुरपदाबाई सुविचार पाळतात

“लकवा शे. आमना काकाले असाच झायता,” शेजारच्या विठ्ठलने निदान करून टाकलं आणि तो रिक्षा आणायला निघालाही.

सुरतमधल्या नवागामच्या, खानदेशी कामगारांच्या त्या गल्लीत धुरपदाबाईंच्या दारासमोर ही गर्दी जमली होती. बाई उंबऱ्यावर बसलेल्या, मांडीवर साडी, हातात कात्री. साड्यांचे सुटे धागे कापून द्यायचं काम त्या घरी बसून करत. सगळी गल्ली त्यांना माय म्हणे. हात नेहमीसारखे चालू होते, बंद होतं ते फक्त तोंड. आणि धुरपदाबाईंचं तोंड बंद म्हणजे गल्लीला घाबरायला तेवढं पुरे होतं.

योगराज दिवसपाळी संपवून बमरोलीहून सायकलवर आला, तशी त्याची बायको उषा लगबगीने पुढे आली.

“आहो, दखा ना! माय सकाळपाईन एक शब्द बोलनी नही. जेवनी, कामले बसनी, पन बोलत नही. इचारं का तुमनी पाटीकडे हात करस.”

पाटी म्हणजे नळाशेजारची भिंत. गणेश मंडळाच्या पोरांनी तिला काळा रंग मारून वर पांढऱ्या अक्षरांत ‘आजचा सुविचार’ असं रंगवलं होतं. खालचं रोजचं वाक्य लिहायचं काम योगराजकडे, कारण गल्लीत अक्षर त्याचंच. पारोळ्याकडच्या शाळेत नववीपर्यंत शिकलेला हा गडी अक्षराच्या बाबतीत भलताच नखरेल. वेलांटी मनासारखी उतरली नाही तर पुसून पुन्हा काढायचा. वाक्याचं काय, ते कुठूनही मिळे. शेठच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, रोज पान फाडायचं गुजराती कॅलेंडर होतं, त्याच्या फाडलेल्या पानावर काहीतरी उपदेश असेच. तो मराठीत करायचा आणि ठोकून द्यायचा.

योगराजने वळून पाटीकडे पाहिलं. सकाळी त्यानेच लिहिलं होतं: ‘एक दिवस गप्प राहून पाहा; किती बोलणं फुकट जातं ते कळेल.’

तेवढ्यात समोरच्या घरात दिवा लागला. धुरपदाबाईंनी कात्री खाली ठेवली, देवाच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाल्या, “दिवा लागना. आते बोलू का?”

गल्ली काय हसली म्हणता! विठ्ठल रिक्षा घेऊन आला तो रिक्षावाल्यासकट हसायला लागला. योगराजच्या डोळ्यांतून तर पाणी आलं.

“अवं माय, ते वाचासाठे ऱ्हास,” तो म्हणाला. “कोनी खरोखर करत नही.”

“मंग लिखस कशाले?” बाई भाबडेपणाने म्हणाल्या. “कॅलेंडरमा एकादस ऱ्हायनी त आपन उपास धरतस ना? तशी पाटीवर जे ऱ्हास ते मी धरस. तूच त रोज माले वाची दखाडस.”

हे मात्र खरं होतं. रोज पहाटे नळावर हंडा लावला की बाई विचारायच्या, “आज काय करनं शे?” आणि योगराज हातावरचा खडू झटकत ऐटीत वाचून दाखवायचा. त्याला वाटे, म्हातारीला आपलं अक्षर आवडतं. ती त्या दिवसाचं व्रत विचारून जाते, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्या संध्याकाळी जेवताना त्याचा घास हातातच राहिला. मागचं एकेक वाक्य त्याला आठवायला लागलं.

‘आधी शेजाऱ्याच्या चुलीकडे पाहा, मग आपल्या ताटाकडे.’ त्या दिवशी बाई दारोदार फिरून “चूल पेटनी का?” असं विचारत होत्या आणि बायका मागे खुसखुसत होत्या. त्या फेरीतच शेवटच्या खोलीतला ओडिया कारागीर तापाने फणफणलेला सापडला होता. बाईंनी त्याला पेज करून पाजली होती. ‘आज दुसऱ्याला पुढे जाऊ द्या.’ त्या दिवशी नळावर बाई सगळ्यांना पुढे करत राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा पाणी गेलं होतं. आणि ते वाक्य लिहिणारा योगराज? हंड्यावरून त्याने विठ्ठलच्या आईशी कचाकचा भांडण केलं होतं, त्याच पाटीखाली उभं राहून!

“उषा,” तो म्हणाला, “हाई बाई मानूस शे का काय शे?”

उषाने त्याच्या ताटात वरण वाढलं.

दुसऱ्या दिवसापासून योगराजचा हात पाटीवर जड झाला. आपण लिहितो ते कोणीतरी दिवसभर जगतं, ही गोष्ट त्याला एकाच वेळी अचंबा करायला लावणारी आणि घाबरवणारी होती. त्याग, उपवास, दान असलं काही कॅलेंडरमध्ये निघालं की तो पान चुरगळून टाकी. म्हातारीच्या अंगावर कशाला? मग त्याला युक्ती सुचली. तो स्वतःच सुविचार करायला लागला. ‘दुपारी घटकाभर आडवं होणाऱ्याचं काम बिघडत नाही.’ बाई त्या दुपारी आडव्या झाल्या. ‘डोळे हे देवाचं देणं आहे, पाणी यायला लागलं की डॉक्टरांना दाखवावेत.’

“हा सुविचार शे का दवाखान्यानी जाहिरात?” विठ्ठलने विचारलं.

पण बाई उषाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या, त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि गल्लीला हळूहळू कळून चुकलं की पाटी आता कोणासाठी लिहिली जाते. नळावरची भांडणं जरा दबक्या आवाजात व्हायला लागली. पाटीचं ऐकणारं एक माणूस तिथे रोज उभं असे ना!

एका गोष्टीला मात्र योगराज कधी हात लावत नसे. धुरपदाबाईंचा एकुलता एक मुलगा निंबा सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. एका डाइंग मिलमध्ये वाफेची नळी फुटली आणि निंबा तिच्यासमोर होता. ती पाळी निंबाची नव्हती. ती होती त्याच्या मित्राची, भटूची. भटू नव्या नवरीला घेऊन डुमसला समुद्र बघायला गेला होता आणि त्याच्या जागी निंबा उभा होता. बाईंनी त्यानंतर भटूचं नाव तोंडात घेतलं नाही. भटू अंत्ययात्रेत मागे चालत होता, तर बाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. पुढे तो नवागाम सोडून बमरोलीला राहायला गेला. प्लेगमध्ये अर्धं सुरत पळालं, भटूही पळाला आणि परत आला, पण या गल्लीत त्याने पाऊल टाकलं नाही. त्यामुळे राग, क्षमा, वैर असले शब्द योगराज पाटीच्या आसपाससुद्धा फिरकू देत नसे.

आणि नेमका त्यानेच घात केला.

उन्हाळ्याचे दिवस होते. योगराजला पहाटे जाग आली नाही. पाळीला उशीर झालेला, शेठ कटकट्या. त्याने खिशातलं कॅलेंडरचं पान काढलं, अर्थाचा विचार न करता मराठी करून भराभरा लिहिलं आणि सायकलवर टांग मारली. बाईंना वाचून दाखवायलाही तो थांबला नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत, त्याच खात्यात कामाला असलेला विठ्ठल डबा उघडत म्हणाला, “आज भारी लिखं भो तू. मी बी आते मेहुनाकडे जाई येस. तीन वर्स व्हयनात, तोंड दखं नही त्याचं.”

“काय लिखं मी?”

“आता हाई माले इचारस! ‘ज्याचं तोंड पाहवत नाही, त्याच्या दारी आज आपणहून जा.’” विठ्ठल घास चावायचा थांबला. “मायसाठेच लिखं ना तू? तिनी इचारं, त मीच वाची दखाडं.”

डबा तसाच टाकून योगराज उठला. त्या पोरामागे बाई कशा जगल्या ते त्याने पाहिलं होतं. उभं राहायला त्यांना वर्ष लागलं होतं. आणि आता आपल्या एका ओळीपायी ती म्हातारी त्याच माणसाच्या दारात जाऊन उभी राहणार, ती जखम भर उन्हात पुन्हा उघडणार! अजून निघाली नसेल तर देवाची कृपा, असं पुटपुटत तो भटूच्या चाळीकडे निघाला. निदान भटूला आधी गाठावं, त्याला म्हणावं, आज दिवसभर कुठेतरी जा.

तो पोहोचला तेव्हा धुरपदाबाई भटूच्या पायरीवर बसलेल्या होत्या.

नवागामहून उधना ओलांडून त्या चालत आल्या होत्या. पदराने घाम पुसत होत्या. आतून कडी लावलेली. रात्रपाळी करून भटू आत झोपलेला असणार आणि बायकोने फटीतून बाईंना पाहून भीतीने दार लावून घेतलं असणार. शेजारच्या खोल्यांतून लोक डोकावत होते.

योगराज बाईंपुढे उकिडवा बसला. “माय, घर चाल. मन्ही चूक झायी. मी घाईमा लिखं. ते तुन्हासाठे नव्हतं.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ऑपरेशननंतर त्यांचे डोळे फार स्वच्छ दिसत.

“मंग कोनासाठे व्हतं?”

इतकी वर्षं योगराज पाटी लिहीत होता, आणि हा प्रश्न त्याने स्वतःला एकदाही विचारला नव्हता. त्याला लाज वाटली आणि समोरच्या बाईसमोर आपण फार लहान आहोत असं वाटलं.

“तुन्हा राग गया का, माय?” त्याने हळूच विचारलं.

“नही रे,” बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “आठेच शे. पन पाटीवर राग सोडा असं कोठे लिखेल व्हतं? दारी जा, इतलंच लिखेल व्हतं. मी उनू.”

बाई हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. मोठमोठे लोक मनातला राग जायची वाट बघत आयुष्य काढतात. या बाईने राग तिथेच ठेवला आणि ती त्याला घेऊन चालत आली होती.

आत कडी वाजली. दार उघडून भटू समोर उभा राहिला. झोपेतून उठलेला, लुंगीवर, चेहरा पांढराफटक. त्याने बाईंना पाहिलं. तो उंबऱ्यात बसला. पाया पडायला हात पुढे केला, पण लावायचा धीर झाला नाही.

मग धुरपदाबाईंनी विचारलं. शिव्याशाप नाही, जाब नाही. त्यांनी विचारलं, “त्या दिवस तो जेवना व्हता का?”

भटूला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

“व्हय, माय. तुन्हीच भाकर व्हती. लसूननी चटनी व्हती. आर्धी माले दिधी त्यानी.”

“आर्धीच खादी?”

“आर्धीच. मी म्हनं, सारी खाय, तुले डबल डुटी शे. त हासना.” भटूने नाक पुसलं. त्याच्या मागे त्याची बायको येऊन उभी राहिली होती. “माय, मी डुमस जावाले मांगं नव्हतं. देवानी शपथ. तोच म्हने, वहिनी गावकडथून उनी तशी खोलीमा बठेल शे, तिले समुद्र दखाडी आन, तुन्ही डुटीवर मी उभा ऱ्हास. मी नही म्हनं. त त्यानी माले गेटबाहेर लोटी दिधं. गेटवर उभा ऱ्हाईसन हात हालावत व्हता.”

“हाई तू कधी सांगं नही,” योगराज न राहवून म्हणाला. “लोक तुले काय काय बोलनात!”

“काय सांगू, भाऊ? सांगतू त लोक म्हनतात, मरेल मानूसवर लोटी देस.” भटूने मान खाली घातली. “आन ते बी बरोबरच ऱ्हातं.”

निंबाने हट्टाने मित्राला समुद्राकडे पाठवलं होतं. गेटवर उभं राहून हात हलवला होता. आईला इतकी वर्षं हे ठाऊक नव्हतं आणि ते सांगू शकणारा एकच माणूस जगात होता. योगराजला वाटलं, आपण इथून उठून जावं. पण पाय उचलेनात.

धुरपदाबाई रडल्या नाहीत. त्या पायरीवरून उठल्या, पदर सारखा केला आणि भटूच्या बायकोकडे पाहिलं. ती भेदरून मागे सरली.

“मंग दखा का तू समुद्र?” बाईंनी तिला विचारलं.

तिने मान डोलावली.

“चांगलं झायं,” बाई म्हणाल्या आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

भटूच्या बायकोने चटई टाकली, पाण्याचा तांब्या दिला. बाई भिंतीला टेकून बसल्या. एक घोट पाणी प्यायल्या. मग त्यांनी आपल्यासमोरची जागा हाताने झाडली आणि भटूला तिथे बसायची खूण केली.

“कान कमी ऐकतस मन्हा,” त्या म्हणाल्या. “जरा जोरमा सांग. गेटवर हात हालावत व्हता म्हने. कोनता हात?”

भटूने उजवा हात वर करून दाखवला.

बाई त्या हाताकडे पाहत राहिल्या. “आते पहिलेपाईन सांग,” त्या म्हणाल्या. भटूने नाक पुसलं आणि निंबाने डबा उघडला होता तिथपासून तो पुन्हा सांगू लागला.