पांढरा टब

"सर, या ना! बेडूक कसला काळाभोर झालाय!" नव्या पोरीने हाक मारली, आणि सर लगेच खुर्ची ओढून तिच्या मायक्रोस्कोपशी बसले.

ताई मागे काचपट्ट्या पुसत होत्या. ही पोरगी शाळेत जात असेल, तेव्हापासून त्या या प्रयोगशाळेत बेडकांची कातडी काचेवर पसरत आल्या होत्या. त्यांच्या टेबलाशी सर कधी बसले नव्हते. आणि हिला चिमटा धरायला शिकवलं कुणी? काळ्या पेशी फांद्या पसरून शेजारच्या पेशींना रंगाचे कण देतात, हे सांगितलं कुणी? ताईंनीच. आयत्या बिळावर नागोबा! ताईंनी हातातली काचपट्टी खसाखसा पुसली.

"कण शेजारी जातात म्हणतेस, पण इथे सगळंच काळं," सर म्हणाले. "कुणाचा कण कुठला, ओळखायचा कसा? उद्या दाखव. नाहीतर हे काम थांबवू."

संध्याकाळी सगळे गेल्यावर ताईंनी बेडूक काळ्या टबातून उचलला आणि पांढऱ्या टबात सोडला. पांढऱ्यावर बेडूक फिका पडतो; काळी पेशी रंग आत ओढून घेते. आता दाखव म्हणावं काय दाखवायचं ते! ताईंना जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," घरी नवरा म्हणाला.

"उगाच," त्या म्हणाल्या.

सकाळी फिका बेडूक बघून पोरगी रडवेली झाली. सर दारात उभेच होते. तिने तसाच कातडीचा तुकडा काढला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग ओरडली, "सर!"

काळ्या पेशींनी आपला रंग आत ओढून घेतला होता. त्यांचे नुसते ठिपके उरले होते. शेजारच्या पेशींत मात्र कण जिथल्या तिथे होते. एकदा दिलेले ते परत घेता आले नव्हते.

"टब बदलायचं तुला कसं सुचलं?" सरांनी विचारलं.

"मला कुठलं सुचतंय! ताईंनी बदललाय. काल शेवटी त्याच होत्या." ती ताईंकडे वळली. "अहो, मला सांगायचं तरी! रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. सर, शोधनिबंधात ताईंचं नाव घालायचं हं."

"घालायलाच हवं." सर उठले, त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बसा, ताई. कमाल केलीत तुम्ही."

एवढंच तर ऐकायचं होतं इतकी वर्षं. ताई बसल्या आणि त्यांनी डोळा लावला.

"अंधूक दिसतंय का? नीट लावून देऊ?" पोरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नको गं. असू दे तसंच," ताई म्हणाल्या. मान वर केली असती, तर दोघांकडे बघावं लागलं असतं.