केटल फोर्कची माती

सप्टेंबरच्या बैठकीत माझ्या नवऱ्याने, एमिलने, आमच्या तळघरातली कोळशाची गाडी उभ्या मालगाडीत घातली, चार डबे रुळावरून खाली पडले, आणि कोणी त्याला एक वाकडा शब्द बोललं नाही. तेव्हाच मला कळलं की ही माणसं आता आमची रेल्वे उचलून नेणार.

पाच म्हातारे आहेत हे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणा एकाच्या तळघरात जमतात आणि बोटभर उंचीच्या गाड्या तीन तास खऱ्या वेळापत्रकाने चालवतात. कुठला डबा कुठल्या गिरणीत सोडायचा याची चिठ्ठी असते, घड्याळ असतं, आणि घड्याळाशेजारी चेट असतो. चेट आमचा तीस वर्षांपासूनचा मित्र. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर तो समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. त्या दिवशी मात्र त्याने गुपचूप डबे उचलले, पुसले आणि म्हणाला, "चालायचंच रे."

एमिलचा चेहरा मी जिन्यावरून पाहिला. मुस्काटात मारली असती तरी बरं वाटलं असतं त्याला.

त्याच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणून तो कोंबडीसारखी मान वाकडी करून बघतो. कागदाच्या गिरणीत चौतीस वर्षं वायरमन होता; अंधाऱ्या पेटीत हात घालून बिघाड काढणारा माणूस.

निघताना चेटने विषय काढलाच. "एमिल, माझं गॅरेज रिकामं आहे. आम्ही हे सगळं नीट सोडवून तिकडे मांडतो. तू यायचं, खुर्चीत बसायचं, कॉफी प्यायची. गाड्या आम्ही चालवू."

"ऑक्टोबरची बैठकही इथेच," एमिल म्हणाला. "कोळशाची गाडी मी चालवणार. नाही जमली तर न्या उचलून."

ते गेल्यावर मी म्हटलं, "जीभ फार पुढे धावते तुझी. दिसत नाही तर चालवणार कशी?"

"ऐकून. डोळे गेलेत, लॉरेटा, कान नाही. तुझी बडबड अजून येते ऐकायला."

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे हुकूम त्याचे आणि हात माझे. तीस वर्षांत मी त्या तळघरात कपडे धुण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि आता साठी उलटल्यावर प्लायवूडवर डोंगर रचत बसले. एमिल म्हणाला, रुळाला बारीक खाचा पाड. पेपर मिलच्या थांब्याअलीकडे दोन, केटल फोर्क स्टेशनच्या अलीकडे तीन. चाक खाचेवरून गेलं की टक् वाजतं. ते मोजायचं आणि थांबायचं. पुलाखालचं प्लास्टर त्याने मला फोडायला लावलं, का, तर खालून पोकळ असेल तरच पूल घुमेल. बोगद्याला आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर लावलं, म्हणजे आत शिरल्यावर गाडीचा आवाज दबेल. माझ्या मते तो डोंगर दिसायला गचाळ झाला होता. एमिलने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "झकास."

इंजिनं त्याने स्वतः हातात घेतली. मुकाट फिरणारी ती जुनी वाफेची इंजिनं त्याने उघडली आणि त्यांच्यात आवाजाची चिप आणि नखाएवढा स्पीकर बसवायला घेतला. चाक फिरेल तसा भक्भक् आवाज येतो, वेग वाढला की लय वाढते. तारा चार रंगांच्या, रंग त्याला ओळखू येत नाहीत. म्हणून मी तारांना गाठी मारून दिल्या. लालला एक, काळीला दोन, नारिंगीला तीन, करडीला गाठ नाही. बोटाने चाचपून तो सोल्डर करायचा. मी मागे उभी राहून बोलायला तोंड उघडलं की म्हणायचा, "वर जा." पहिलं लहान इंजिन सुरू झालं त्या दिवशी तो एकटाच अर्धा तास ते पुढे-मागे करत बसला होता. मी जिन्यात बसून ऐकलं. फार बरं वाटलं मला.

राहिलं होतं केटल फोर्कचं यार्ड. एमिलचे वडील खऱ्या केटल फोर्कला स्टेशनमास्तर होते. रूळ कधीच उखडले, पण काळी माती तिथे अजून आहे, आणि एमिलला तीच माती हवी होती. आम्ही गाडी काढून जाऊन दोन बादल्या आणल्या. त्या मातीत वर्षानुवर्षं झिजलेल्या लोखंडाचा कीस असतो. ती आधी ओव्हनमध्ये भाजायची, माझ्या जुन्या नायलॉनच्या मोज्यातून चाळायची, आणि मग तिच्यातून लोहचुंबक फिरवायचं. तीनदा. एमिलसारखी माणसं हे तीनदा फिरवणं सोडत नाहीत.

मी एकदा फिरवलं. चुंबकाला काळी लव आली, पुसली, पुन्हा फिरवायला घेणार तेवढ्यात माझ्या बहिणीचा, रोझमेरीचा फोन आला. पाऊण तास बोललो आम्ही. माझ्या चांगल्या भांड्यात माती भाजली म्हणून मी आधीच वैतागले होते. फोन ठेवला आणि ती माती तशीच यार्डात पसरली, वरून पातळ केलेला गोंद शिंपडला.

"तीनदा फिरवलंस?" एमिलने विचारलं.

"तीनदा," मी म्हटलं.

मंगळवारी दुपारी त्याने कोळशाच्या गाडीचं मोठं इंजिन पूर्ण केलं. बैठक शनिवारी. इंजिन यार्डात चार फेऱ्या छान फिरलं. पाचव्या फेरीला घरघरलं, अडकलं, आणि जळल्याचा वास आला. एमिलने वीज बंद केली आणि इंजिन हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"गाठ चुकली," तो म्हणाला. "मोटरची करडी तार रुळाला लावली असणार मी. शिकाऊ पोरगं करतं ती चूक."

"अरे, नक्की काय ते बघू तरी."

"बघू? कोण बघणार?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते. त्याने इंजिन टेबलावर ठेवलं, सोल्डरिंगची सळई तिच्या डब्यात ठेवली, डबा बंद केला. "चेटला फोन कर. म्हणावं शनिवारी खोकी घेऊन या."

"मी नाही करणार."

"मग मी करतो जेवल्यावर." आणि वर जाऊन खिडकीपाशी बसला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण त्या माणसाला रिकाम्या हातांनी बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, त्याच्यावर, चेटवर, डॉक्टरवर, सगळ्यांवर. मी तळघरात गेले, एमिलचं भिंग डोक्याला बांधलं आणि इंजिनाचे स्क्रू काढले. तारा तपासल्या. लाल, काळी, नारिंगी, करडी. चारही जागच्या जागी. सोल्डर तर इतकं गोल आणि चकचकीत की मला कधी जमणार नाही. मग मोटर उघडली. आतल्या चुंबकाला दाट काळी लव चिकटली होती. तीच, माझ्या मातीतली. तिने मोटर अडकली आणि अडकलेल्या मोटरने चिप जाळली.

मी स्टुलावर बसले. खरं सांगते, पहिला विचार आला तो लव पुसून टाकायचा. त्याला काय दिसणार होतं? दुसरी चिप घाल, तुझी चूक नव्हती रे, चिपच खराब निघाली म्हण, संपलं. चुकले म्हणायची मला सवय नाही; माझ्या आईलाही नव्हती. पण चिप खराब निघाली हे त्याला पटलं नसतं. मी त्याला गोंजारतेय असंच वाटलं असतं, चेटसारखी. आणि शनिवारी त्याने गाडीला हातच लावला नसता.

मी मोटर घेऊन वर गेले आणि त्याचं बोट धरून आत टेकवलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्याने बोट अंगठ्यावर चोळलं, एकदा, दोनदा. "लोखंडाचा कीस."

"तारा मी तपासल्या. चारही बरोबर आहेत. तू काहीही चुकला नाहीस. चुंबक मी एकदाच फिरवलं."

"तीनदा म्हणालीस."

"खोटं बोलले."

त्याने बोट शर्टाला पुसलं. मग तो म्हणाला, "रोझमेरीचा फोन होता ना?"

"हो."

"त्या बाईने माझं इंजिन जाळलं." आणि उठला. "चल. किती वाजलेत? लहान इंजिनातली चिप काढून यात घालतो. तू सगळी माती खरवड. सगळी, लॉरेटा. रुळाच्या दोन्ही बाजूंची."

"गोंद वाळलाय रे, दगड झालाय तिचा."

"मग पाणी लावून मऊ कर. मोठी सुरी घे. मला सांगू नकोस, कर."

बुधवार, गुरुवार मी वाकून माती खरवडली. कंबरेचे तुकडे पडले. व्हॅक्यूमच्या तोंडाला मोजा बांधून कण न् कण ओढून घेतला. उरलेल्या बादलीतली माती भाजली, चाळली, आणि चुंबक फिरवताना एमिल शेजारी खुर्ची टाकून बसला. दर खेपेला चुंबक हातात घेऊन बोटाने तपासायचा. तीनदा झालं. "आणखी एकदा," तो म्हणाला. मी चुंबक पुन्हा मातीत घातलं. चौथ्यांदा चुंबक स्वच्छ आलं. शुक्रवारी संध्याकाळी इंजिन वीस फेऱ्या फिरलं, आणि एमिलने बोगदा, पूल, खाचा सगळं मोजून पाठ केलं.

शनिवारी एक वाजता चौघं आले. चेटने गाडीत खोकी आणली होती. खाली उतरवली नाहीत, पण मला खिडकीतून दिसली. तळघरात घड्याळ सुरू झालं. एमिल गाडी चालवायचा रिमोट हातात घेऊन यार्डाच्या टोकाला उभा राहिला. रुळांकडे त्याने मुद्दाम पाठ केली. बघायचा मोह नको म्हणून, असं तो नंतर म्हणाला.

भक्भक् सुरू झाली. बोगद्यात आवाज दबला, बाहेर आला. टक्, टक्, पेपर मिल. पूल घुमला. मी जिन्यावर कोबी-शेवयांचं पातेलं धरून उभी होते, लोण्याचा वास सगळीकडे पसरला होता आणि एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. टक्, टक्, टक्, केटल फोर्क. एमिलने वेग कमी केला. पहिला डबा कोळसा ओतायच्या घसरणीखाली थांबायला हवा होता.

अर्धा डबा पुढे गेला.

चेटने इतरांकडे पाहिलं. आता हा 'चालायचंच' म्हणणार, आणि म्हणाला तर पातेलं याच्या डोक्यात घालायचं, असं मी ठरवूनच टाकलं.

"एमिल," चेट म्हणाला, "कोळसा काय रस्त्यावर ओतू? अर्धा डबा पुढे आहेस. आणि माझी मालगाडी मागे अडकलीय, ती काय तुझ्या टकलावरून काढू?"

"तुझी मालगाडी तिथे असायलाच नको," एमिल पाठमोराच म्हणाला. "एक वाजून दहाला ती मिलमध्ये हवी. वेळापत्रक वाच, गाढवा."

"मी लिहिलंय ते वेळापत्रक!"

"मग लिहिणाऱ्याला दिसत नाही."

हॅरी नावाचा एक जण, जो वर्षभरात दोन वाक्यं बोलतो, तो फस्सकन हसला. एमिलने गाडी मागे घेतली. एक भक्, दोन, थांबला. चेट खाली वाकला, डबा आणि घसरण यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं, आणि कोळसा ओतला.

भांडण तीन तास चाललं. मी वर येऊन सिंकपाशी रडले, आणि तोंड धुऊन ताटं मांडली. निघताना दारात चेटने एमिलच्या छातीवर बोट रोवलं. "पुढच्या महिन्यात पुन्हा अर्धा डबा पुढे गेलास तर चुकांच्या वहीत नाव लिहीन तुझं."

"लिही," एमिल म्हणाला. "मोठ्या अक्षरांत लिही. मला वाचायचंय."